जुन्या गाडीची पॉवर विंडो अडकली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात पावसाळा तोंडावर आला की हे प्रश्न एकदम वाढतात. इथली उत्तरं दहा, पंधरा, वीस वर्षं वापरलेल्या गाड्या डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत: सँट्रो, इंडिका, पहिली स्विफ्ट, जुनी सिटी आणि त्यांच्या पिढीतल्या इतर. आधीच एक विनंती. 'मोटर गेली' हे ऐकल्या ऐकल्या नवी मोटर घेऊ नका. दोष बटणात, दाराच्या सांध्यातल्या वायरीत किंवा सुकलेल्या रबरात असताना चांगली मोटर काढून टाकली जाते, आणि काही दिवसांनी काच पुन्हा तिथेच अडकते. आधी तपास, मग खर्च.

१. काच वर-खाली करायला दाराच्या आत नेमकं असतं तरी काय?

बटण, त्याच्याकडून येणाऱ्या वायरी, बारा व्होल्टची एक छोटी मोटर आणि ती मोटर जिला फिरवते ती मशीन. स्पेअरच्या दुकानात आणि छापील यादीत तिला रेग्युलेटर म्हणतात. मशीन दोन प्रकारची असते. एकात लोखंडी दांडे कात्रीसारखे उघडमीट करतात. दुसऱ्यात पोलादी केबल प्लॅस्टिकच्या पुलींवरून फिरते आणि काच धरलेला तुकडा रुळावरून वर-खाली ओढते. काचेच्या दोन्ही कडा रबराच्या खाचेतून सरकतात, तिला चॅनेल किंवा बीडिंग म्हणतात.

दोन गोष्टी लक्षात राहिल्या तर पुढचं सगळं सोपं जातं. मोटरला दोनच मुख्य वायरी असतात. वीज एकीतून गेली तर काच वर, दुसरीतून गेली तर खाली. आणि मोटरला वर्म गिअर जोडलेला असतो. मोटर काच हलवू शकते, पण काच मोटरला फिरवू शकत नाही. म्हणूनच यंत्रणा धड असेल तर तळव्याने कितीही दाबा, काच खाली जात नाही.

२. काच अर्ध्यावर अडकली आहे आणि पाऊस सुरू झालाय. आत्ता काय करू?

गाडी बाजूला घ्या, इंजिन चालू ठेवा. इंजिन चालू असताना व्होल्टेज साधारण १४ च्या आसपास असतं, बंद असताना साडेबाराच्या जवळ, आणि थकलेल्या मोटरला तेवढा फरकही पुरतो. दार उघडा. एकाने 'वर'चं बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने काच आतून-बाहेरून दोन्ही तळव्यांत धरून सरळ वर ओढायची. बोटं वरच्या चौकटीपासून लांब ठेवा. अडकलेली काच सुटते तेव्हा झटक्यात वर जाते.

बराच वेळ बटण दाबल्यावर मोटर एकदम गप्प झाली तर घाबरू नका. बऱ्याच मोटरींमध्ये तापल्यावर वीज तोडणारी सोय असते. दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि पुन्हा पाहा.

काच वर आली की ती पुन्हा खाली करून पाहायचा मोह टाळा. रुंद चिकटपट्टीचे दोन पट्टे आतल्या बाजूने काचेवरून दाराच्या चौकटीवर घेऊन बाहेरपर्यंत लावा. ती वर आलीच नाही तर जाड प्लॅस्टिक दाराच्या वरच्या कडेवरून आत दुमडा आणि दार लावून घ्या, म्हणजे ते दाराच्या रबरात घट्ट बसतं. नुसतं बाहेरून चिकटवलेलं प्लॅस्टिक चांदणी चौकापर्यंतसुद्धा टिकत नाही. रंगावर लावलेली चिकटपट्टी ऊन पडायच्या आत काढा, नाहीतर गोंद पक्का बसतो.

काच ठोकू नका. बाजूच्या काचा टेम्पर्ड असतात. कडेला बसलेला एक चुकीचा घाव आणि सगळी काच बारीक तुकड्यांत खाली येते.

३. दार न खोलता बिघाड कुठे आहे ते कसं ओळखायचं?

कान, तळवा आणि छतातला दिवा, एवढ्यावर बरंच कळतं. हा तपास संध्याकाळी, अंधार पडल्यावर करा. छतातला दिवा लावा आणि अडलेल्या काचेचं बटण दाबा.

दिवा किंचितही मंद होत नाही आणि दारातून काही आवाज नाही: वीज मोटरमधून वाहतच नाहीये. फ्यूज (प्रश्न ४), बटण (प्रश्न ५ आणि ६), सांध्यातली वायर (प्रश्न ८) किंवा मोटरमधले झिजलेले कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे). कार्बनचा संशय असेल तर एकाने बटण दाबून धरावं आणि दुसऱ्याने दाराच्या आतल्या पॅडवर, मोटर असते त्या जागी, मुठीने थोपटावं. थोपटल्यावर मोटर जागी झाली तर कार्बन संपत आले आहेत. ती आणखी काही दिवस चालेल, पण भरवसा ठेवू नका.

दिवा मंद होतो, 'टक' किंवा दबका हुंकार येतो, काच जागची हलत नाही: मोटरला वीज पोचते आहे, तिला फिरता येत नाही. चॅनेल सुकलंय किंवा फाटलंय, काच तिरकी होऊन अडकली आहे, किंवा मोटर आतून गंजून आवळली आहे.

मोटर मोकळी फिरल्याचा आवाज येतो आणि काच ढिम्म: केबल तुटली आहे, प्लॅस्टिकचा तुकडा फुटला आहे किंवा गिअरचे दाते गेले आहेत. आता काच दोन्ही तळव्यांत धरून खाली दाबून पाहा. सहज घसरली तर खात्रीच झाली, कारण पहिल्या उत्तरात सांगितलेली वर्म गिअरची पकड काचेपर्यंत पोचत नाहीये.

करकर, खडखड आणि मग आतून केबल गुंडाळल्यासारखा आवाज: बटण सोडा आणि पुन्हा दाबू नका. केबल जिच्यावर गुंडाळली जाते त्या चाकात, ड्रममध्ये, ती गुंतत चालली आहे. दर खेपेला ती रूळ वाकवते, आणि जे काम थोडक्यात झालं असतं ते वाढतं.

काच चालते पण रडतखडत: प्रश्न ७.

एवढं पाहून गॅरेजमध्ये गेलात की बोलणं बदलतं. 'काच चालत नाही' म्हणण्याऐवजी 'बटण दाबलं की दिवा मंद होतो, पण काच हलत नाही' असं सांगा. चांगला कारागीर लगेच मुद्द्यावर येतो.

४. फ्यूज कुठे असतो आणि कितीचा घालायचा?

बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली डॅशबोर्डच्या आत एक पेटी असते, दुसरी बॉनेटखाली बॅटरीजवळ. झाकणावर नकाशा असतो. पॉवर विंडोचा फ्यूज बहुधा २० ते ३० अँपिअरचा असतो: २० चा पिवळा, २५ चा पांढरट-पारदर्शक, ३० चा हिरवा. झाकणावर जो आकडा आहे तोच घालायचा.

मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून 'तात्पुरतं' काम भागवू नका. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला की वायर आधी वितळते, तीही गालिच्याखाली, जिथे कोणाला दिसत नाही. नवा फ्यूज लगेच उडत असेल तर कुठेतरी वायर बॉडीला टेकते आहे किंवा मोटर आवळली आहे.

चारही काचा एकदम बंद पडल्या तर सुरुवात इथूनच करा, मग रिले (काचांकडे वीज सोडणारा छोटा स्विच) पाहा. एकच बंद असेल तर मुख्य फ्यूज सहसा निर्दोष असतो.

५. शेजारची काच तिच्या दारावरच्या बटणाने चालत नाही. नवं बटण लावलं तरी तेच. असं का?

कारण दोष बहुधा त्या बटणात नाही, ड्रायव्हरच्या दारावरच्या मुख्य बटणसंचात आहे. अनेक जुन्या गाड्यांत शेजारच्या आणि मागच्या काचांचं सर्किट ड्रायव्हरच्या संचातून फिरून पूर्ण होतं. तिथला एक काँटॅक्ट काळा पडला की दुसऱ्या दारावरचं चांगलं बटणही निरुपयोगी. मुख्य संच काढून ठेवला तर बाकीच्या काचा बंद पडतात त्या यामुळेच.

त्याआधी ड्रायव्हरकडचं विंडो लॉक पाहा. ते दाबलेलं असेल तर इतरांची बटणं चालत नाहीत, ड्रायव्हरची बऱ्याच गाड्यांत चालतात. गाडी धुताना किंवा पुसताना ते नकळत दाबलं जातं. उलट स्थिती असेल, म्हणजे दारावरच्या बटणाने काच चालते आणि ड्रायव्हरकडून नाही, तर मुख्य संचातलं तेवढं एक बटण किंवा त्याची वायर तपासा.

६. काच खाली जाते, वर येत नाही. मोटर बदलायला सांगितलंय.

थांबा. खाली जाते याचा अर्थ मोटर फिरते आहे. एकाच दिशेला काम बंद असेल तर पहिला संशय बटणावर. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवर ठिणग्यांनी काजळी धरते, आणि ड्रायव्हरची काच सर्वांत जास्त वापरली जात असल्याने तिचंच बटण आधी जातं. दुसरा संशय जड झालेल्या काचेवर, कारण वर जाताना तिचं वजनही ओढावं लागतं. दोन्हींत फरक कसा करायचा ते प्रश्न ३ मधल्या दिव्याच्या तपासात आहे.

बटणसंच उघडून साफ करता येतो. पांढरा कपडा अंथरून त्यावर उघडा, आत बारीक स्प्रिंगा आणि गोळ्या असतात, त्या उडतात. काँटॅक्ट क्लीनर मारा, काळेपणा राहिला तर अगदी बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवा. प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं तर साफसफाईत वेळ घालवू नका, संच बदला. आणि तो का वितळला तेही शोधा. जड चालणारी काच जास्त करंट ओढते आणि नवं बटणही त्याच वाटेने जातं.

७. काच चढते, पण फार हळू. तेल किंवा ग्रीस मारू का?

रबरावर खोबरेल, इंजिन ऑइल, ग्रीस किंवा गंज सोडवायचा स्प्रे, काहीही नको. त्यातली काही रबर फुगवतात आणि सगळीच धूळ धरतात. जागोजागी बांधकामं सुरू असलेल्या आपल्या शहरात ती धूळ चॅनेलमध्ये बसून काच घासत राहते.

काच पूर्ण खाली करा. जुन्या प्लॅस्टिक पट्टीला ओला कपडा गुंडाळून पुढची आणि मागची दोन्ही चॅनेल साबणपाण्याने पुसा. निघालेली काळी माती पाहून पुन्हा पुसा. पूर्ण वाळू द्या, मग सिलिकॉन स्प्रे मारा आणि काच चार-पाच वेळा वर-खाली करा. पुष्कळ 'मेलेल्या' मोटरी एवढ्यानेच पूर्वीसारख्या चालू लागतात. हे काम दर वर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी करावं असं मी अगदी आग्रहाने सांगेन. ग्रीस लागतं ते दाराच्या आत, मशीनच्या लोखंडी रुळावर आणि सांध्यांवर, तेही थोडं.

चॅनेलचं रबर कडक होऊन चिरलं असेल तर स्प्रे त्याला वाचवणार नाही. ते बदलावं लागतं. काचेवरच्या फिल्मची कड सुटून रबरात गोळा झाली आहे का तेही पाहा.

८. दार उघडं असताना काच चालते, लावलं की बंद. हा काय प्रकार?

तुटलेली वायर. दार आणि बॉडी यांच्यामध्ये रबराची नळी असते, तिच्यातून सगळ्या वायरी जातात आणि दार उघडताना-लावताना वाकतात. पंधरा वर्षांनी आतलं तांबं तुटतं, वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं. खात्रीसाठी बटण दाबून धरा आणि दार सावकाश उघडा-लावा. एखाद्या कोनात काच हलली तर सापडलं. त्याच दाराचं सेंट्रल लॉकिंग किंवा स्पीकर मधूनमधून जात असेल तर संशय पक्का.

दुरुस्तीत घाई झाली की हाच बिघाड परत येतो. नुसता पीळ देऊन काळी टेप गुंडाळणं चालत नाही. उन्हाळ्यात टेपचा गोंद पातळ होऊन ती सुटते. त्याच जाडीची, अनेक तारांची लवचिक वायर मधे जोडायची, सांधे डागाचे आणि त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी. सांधे नळीच्या वाकणाऱ्या भागात ठेवायचे नाहीत, दाराच्या किंवा बॉडीच्या आत न्यायचे. या कामाला ऑटो इलेक्ट्रिशियनच हवा.

९. डोअर पॅड मला घरी काढता येईल का?

येईल, सवड असेल तर. बॅटरीची निगेटिव्ह काढा. काच वर असेल तर चिकटपट्टीने चौकटीला बांधा. आतल्या हँडलच्या वाटीत, हात धरायच्या खोबणीत आणि आरशाच्या त्रिकोणी झाकणामागे स्क्रू लपलेले असतात. ते सगळे निघाल्याशिवाय पॅड ओढू नका. मग खालच्या कडेपासून क्लिपा एकेक करून सोडवा, शेवटी पॅड वर उचला. मागे बटणाचे कपलर, म्हणजे वायरी जोडणारे प्लॅस्टिकचे जोड असतात, झटका देऊ नका.

जुनं प्लॅस्टिक ठिसूळ होतं. थंडीतल्या पहाटे हे करू नका, गाडी थोडी उन्हात तापू द्या. पाच-सहा क्लिपा आधीच आणून ठेवा. पत्र्याच्या कडा हात कापतात, म्हणून हातमोजे घाला.

आतला प्लॅस्टिकचा कागद फाडू नका. त्याचं महत्त्व प्रश्न १५ मध्ये आहे.

१०. मोटर खरंच गेली आहे हे पक्कं कसं करायचं?

तिचा कपलर काढून तिला बॅटरीवरून थेट वीज द्या, मधे फ्यूज असलेल्या दोन वायरींनी, क्षणभरच. वायरी उलट केल्या की ती उलट फिरली पाहिजे. थेट दिल्यावर जोमाने फिरली तर मोटर निर्दोष, दोष बटणात किंवा वायरीत. दोन्ही दिशांना मेलेली असेल तर मोटर गेली. मोटरला दोनपेक्षा जास्त वायरी असतील तर हा प्रयोग स्वतः करू नका, त्यातल्या काही सेन्सरच्या असतात.

काच मशीनला लावलेली असताना बोटं आत घालू नका. आणि कात्रीच्या मशीनवरून मोटर सोडवताना आधी दांडे बांधून घ्या. तिच्यात ताणलेली स्प्रिंग असते. मोटरची पकड सुटली की दांडा फटकन फिरतो आणि बोट तोडण्याइतका जोर त्यात असतो.

११. नुसती केबल तुटली आहे. पूर्ण मशीन घ्यावी लागेल का? आणि पुण्यात कुठे पाहू?

काही मॉडेलसाठी केबल आणि पुलीचा सुटा संच मिळतो. हात बसलेला कारागीर असेल तर जरूर करा, मोटर वाचते. पण रूळ वाकला असेल तर पूर्ण मशीन घेतलेली बरी.

गाड्यांच्या स्पेअरसाठी नाना पेठ. जाताना जुना भाग सोबत न्या, शिवाय आरसीवरचा उत्पादनाचा महिना-वर्ष आणि चासी नंबर लिहून न्या. त्याच मॉडेलच्या आधीच्या आणि नंतरच्या गाड्यांत कपलर वेगळा निघतो. डावं-उजवं नीट सांगा. ड्रायव्हरची बाजू उजवी. बदली कंपनीची मशीन घेत असाल तर दुकानातच जुन्याशेजारी ठेवून भोकांची जागा आणि रुळाची लांबी जुळवा.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा भंगारवाल्याकडे वापरलेली मशीन मिळू शकते. जुनं बटण किंवा कंपनीची जुनी मोटर तिथून घेणं मला पटतं, मात्र बॅटरी लावून फिरवून दाखवली तरच. वापरलेली केबल-मशीन मात्र घेऊ नका. तिचं प्लॅस्टिकही तुमच्या गाडीइतकंच जुनं आहे.

१२. गाडी पाण्यात बुडाली होती. काचा चालताहेत, तरी काही करायला हवं का?

हो, आणि लवकर. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर असो की जुलै २०२४ मध्ये एकतानगरीत शिरलेलं पाणी, पुराचं पाणी गाळ घेऊन येतं. गाळ दारात बसतो, मोटरच्या कपलरमध्ये हिरवा गंज धरतो, आणि काच काही आठवड्यांनी बंद पडते. सगळे पॅड काढून आतून स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा, कपलर काँटॅक्ट क्लीनरने साफ करा. दाराच्या खालच्या कडेची निचऱ्याची भोकं मऊ प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करा. पूर न येताही ही भोकं मातीने बुजतात. दार हलवल्यावर आत पाणी डुचमळलं तर हेच कारण.

गाडी अजून ओली असेल तर बॅटरी जोडून बटणं दाबून पाहू नका.

आणि खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता टाळा. गाडी कधी पाण्यात सापडलीच तर पहिल्या काही क्षणांत, वीज चालू आहे तोवर, काच उघडा आणि बाहेर पडा. म्हणून ड्रायव्हरची अडकलेली काच पाचर मारून कायमची बंद ठेवायचा सल्ला मी देत नाही.

१३. बॅटरी बदलल्यापासून काच वर जाऊन आपोआप परत खाली येते.

हे बोट अडकू नये म्हणून सोय असलेल्या काचांबाबत घडतं. बॅटरी काढल्यावर यंत्रणा काचेची वरची सीमा विसरते. बहुतेक गाड्यांत उपाय असा: काच पूर्ण खाली करून बटण काही सेकंद धरून ठेवा, मग पूर्ण वर करून तसंच धरा. क्रम गाडीगणिक बदलतो, गाडीसोबतचं पुस्तक पाहा.

बॅटरीला हात न लावता हे सुरू झालं असेल तर यंत्रणेला वाटेत अडथळा जाणवतो आहे. चॅनेल साफ करा, प्रश्न ७ प्रमाणे. साध्या जुन्या काचांना ही सोय नसते, त्या बोटावरही थांबत नाहीत. मुलं मागे असतील तर विंडो लॉक दाबूनच ठेवा.

१४. इन्शुरन्समधून होईल का?

झीज किंवा विजेचा बिघाड म्हणून काच बंद पडली तर नाही. काँप्रिहेन्सिव्ह पॉलिसीतही ते वगळलेलं असतं. पूर, अपघात किंवा चोरीच्या प्रयत्नात नुकसान झालं तर स्वतःच्या नुकसानीखाली दावा करता येतो. काचेवर घसारा कापत नाहीत, रबर-प्लॅस्टिकवर ५० टक्के कापतात. एका काचेच्या दाव्यासाठी नो क्लेम बोनस घालवणं परवडतं का, ते आधी मोजा.

१५. दुरुस्तीनंतर काच मस्त चालते, पण पावसात पायाखाली पाणी येतं आणि दारात खडखड होते.

पाणी दाराच्या आत जाणं नेहमीचंच आहे; ते काचेवरून ओघळून आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं. ते गाडीत येऊ न देण्याचं काम पॅडमागचा प्लॅस्टिकचा कागद करतो. दुरुस्ती करताना तो फाडला किंवा अर्धवट चिकटवला की पाणी सरळ गालिच्यावर येतं. पॅड पुन्हा काढून घ्या, जुना कागद फाटला असेल तर जाड प्लॅस्टिक त्याच आकारात कापा आणि सगळ्या कडा, विशेषतः खालची, न वाळणाऱ्या काळ्या चिकट पट्टीने बंद करा.

खडखड बहुधा आत पडलेल्या स्क्रूची किंवा तुटलेल्या क्लिपेची असते, कधी बोल्ट न आवळलेल्या मशीनची. काच अर्ध्यावर ठेवून दार लावून पाहा: काच थरथरली तर मशीनचे बोल्ट, नुसताच दाराच्या तळातून आवाज आला तर सुटा तुकडा. दोन्हींसाठी गाडी ज्यांनी काम केलं त्यांच्याकडेच परत न्या आणि पॅड तुमच्यासमोर उघडायला सांगा.